औटकीचे लखपती

परदेशी निघालेल्या मराठी माणसाला त्या देशाची राजधानी माहीत नसली तरी चालतं, तिथे पाऊस कधी पडतो हे ठाऊक नसलं तरी भागतं, पण "सध्या काय चाललाय?" याचं उत्तर त्याच्या तोंडावर असावं लागतं. काय चाललाय म्हणजे डॉलर. तिकिटं काढल्याच्या रात्रीपासून घरात त्याचा भाव निघू लागतो. "आज चार पैशांनी उतरला," असं सकाळच्या चहाला जाहीर करणारा गृहस्थ एकूण ५०० डॉलर घेणार असतो. म्हणजे या उतरण्यात त्याचे रोख वीस रुपये वाचणार असतात. अजून उतरेल म्हणून तो आठवडाभर दम धरतो. आठवड्यात डॉलर साठ पैशांनी चढतो आणि मग तो आपल्या अर्थखात्यापासून अमेरिकेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो.

हल्ली ठाणे-डोंबिवली पट्ट्यात व्हिएतनामची साथ आहे. काश्मीर झालं, केरळ झालं, दुबई दोनदा झालं, आता व्हिएतनाम. आमच्याबरोबर वीसेक माणसं होती आणि अशा प्रत्येक ग्रुपमध्ये असतात तसे राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले एक काकाही होते. असे काका मिळाले नाहीत तर टूर कंपन्या त्यांना भाड्याने आणत असाव्यात. निघण्याआधी काकांनी ठाण्यातल्या एका हॉलवर बैठक घेतली आणि बटाटेवडे येईपर्यंत नियम सांगितले. रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंतच, बाकीचं कार्डावर. ५०,००० रुपयांच्या वरचं चलन घेणार असाल तर रोकड नेऊ नका, खात्यातून पैसे वळते करा. पॅन कार्ड, पासपोर्ट, तिकीट बरोबर ठेवा. आपले रुपये न्यायचे असतील तर २५,००० पर्यंत.

"तीन हजार माणशी, की घराला?" एका वहिनींनी विचारलं.

"माणशी."

"मग ह्यांचे पण माझ्याकडेच द्या."

काकांचा खरा जीव मात्र जुन्या दिवसांत. "साठ-सत्तरच्या दशकात शिकायला अमेरिकेला निघालेल्या पोराच्या हातावर आठ डॉलर पडायचे. आठ! विमानतळावरून हॉस्टेलपर्यंत टॅक्सी केली की देशाची गंगाजळी संपली." १९६६ साली अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला, हे काका घरातल्या कुणाचं तरी निधन सांगावं तशा आवाजात सांगतात. त्याआधी तर आखातात आपलाच रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. पुढे एकेका देशाने आपापलं चलन सुरू केलं आणि अवमूल्यनानंतर उरलेसुरलेही गेले.

"म्हणजे दुबईत आपल्या रुपयांत सोनं मिळायचं?" वहिनींचा वडा हातात राहिला. त्यांना इतिहासाचं इतकं दुःख याआधी कधी झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

व्हिएतनामचं चलन डोंग. ते मुंबईत सहजी मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. म्हणून डॉलर न्यायचे आणि तिथे मोडायचे. त्यातही शंभराच्या नोटा, त्याही कोऱ्या. घडी नको, शाईचा ठिपका नको, कोपरा दुमडलेला नको; मोठ्या आणि नव्या नोटेला तिथे दर बरा मिळतो, मळकी नोट परतही करतात. भाजीवाल्याच्या हातात सेलोटेप लावलेली वीसची नोट, टेपची बाजू खाली धरून, सफाईने सरकवणारी आमची माणसं एकदम सोवळ्यात गेली. एका बाईंनी डॉलर दासबोधात ठेवले होते. मोठा आणि जड ग्रंथ घरात तोच होता.

कोऱ्या नोटांचं दुखणं असं, की त्या लपवायच्याही असतात. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या पुरुषांच्या बनियनला आतून चोरखिसा शिवलेला होता. शिंपी हुशार, त्याने वर चेन लावली होती. उरलेल्यांनी कमरेला ते कापडी पाऊच बांधले होते, जे शर्टाखाली दिसत नाहीत असं फक्त बांधणाऱ्याला वाटतं. खिसेकापूला कळू नये म्हणून ही व्यवस्था, पण पैसे काढायची वेळ आली की ती व्यवस्था सगळ्या बाजाराला कळते. हनोईच्या भर चौकात एक भारदस्त गृहस्थ भिंतीकडे तोंड करून शर्टाची बटणं उघडताहेत, त्यांची पत्नी दुपट्टा आडवा धरून उभी आहे आणि समोरची फळवाली दोन पेरू हातात घेऊन शांतपणे वाट बघते आहे, हे दृश्य आम्ही इतक्या वेळा पाहिलं की शेवटी शेवटी ती फळवालीही सभ्यपणे तोंड फिरवायची.

पण हे सगळं पुढचं. आधी मुंबईचा विमानतळ.

सुरक्षा तपासणी झाल्यावर माणसाला दोन गोष्टी आठवतात: गॅस बंद केला का, आणि पैसे पुरतील का. पहिलीवर इलाज नसतो. दुसरीसाठी समोर काचेची खिडकी असते, आत टाय लावलेला मुलगा असतो आणि वर चमकणारा बोर्ड असतो. बोर्डावर दोन रकाने. आम्ही घेतो तो दर आणि आम्ही विकतो तो दर. या दोन रकान्यांत सगळी मेख असते. तुम्ही विकायला गेलात की तुम्हाला पहिला, कमी आकडा. घ्यायला गेलात की दुसरा, जास्त. खरा बाजारभाव या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडलेला असतो आणि तो बोर्डावर नसतो. खाली मात्र ठळक लिहिलेलं असतं, 'कमिशन शून्य'. शून्यच असतं, त्यात खोटं काही नाही. दुकानदाराची कमाई दोन रकान्यांच्या मधल्या फटीत असते आणि विमानतळावर ती फट चांगली ऐसपैस असते, कारण तिथून उठून तुम्ही दादरला दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही.

सोन्याच्या दुःखातून सावरलेल्या आमच्या वहिनींनी तिथे वरखर्चाला म्हणून २०० डॉलर घेतले. डॉलरमागे बाजारापेक्षा पाचएक रुपये जास्त, वर कर. म्हणजे हजारभर रुपये गेले. वहिनी कोण? ज्या कोथिंबिरीची जुडी घेताना वर चार मिरच्या आणि आल्याचा तुकडा वाजवून घेतात त्या. इथे त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पावती घेतली आणि मुलाला "थँक यू" म्हटलं.

हे मी पुढे सगळ्या सहलीत बघत राहिलो. आपल्या माणसाची घासाघीस पैशावर नसते, समोरच्यावर असते. हुज्जत घालायला चेहरा लागतो. काच आली, टाय आला, आकडे चमकायला लागले की आपला आवाज बसतो. आणि फुटपाथवर उकिडवी बसलेली म्हातारी दिसली, की आपल्यातला अर्थतज्ज्ञ जागा होतो.

हनोईत उतरल्यावर गाईडने बसमध्येच बजावलं: डॉलर कुठेही मोडू नका. जुन्या शहराजवळ हा त्रुंग नावाची गल्ली आहे, तिथल्या सोन्याच्या दुकानांत डॉलर बदलून मिळतात, दरही बरा असतो, पण परवाना असलेलं दुकान बघूनच जा. मग त्याने कान थो शहरातली गोष्ट सांगितली. तिथल्या एका वायरमनने २०१८ मध्ये परवाना नसलेल्या सराफाकडे फक्त १०० डॉलर मोडले. पकडला गेला आणि त्याला दंड झाला ९ कोटी डोंग. शंभराच्या नोटेचे त्याला मिळाले होते साडेबावीस लाखांच्या आसपास. देशभर बोभाटा झाला, तेव्हा पुढे तो दंड माफ करण्यात आला.

"नऊ कोटी!" मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी आपापले चोरखिसे चाचपले.

कोटीचं काही वाटेनासं व्हायला पुढे एक दिवसही लागला नाही. १०० डॉलरचे साधारण २६ लाख डोंग येतात. वहिनींनी २०० मोडले आणि त्या गल्लीतून ५२ लाख घेऊन बाहेर पडल्या. साताऱ्याचे निवृत्त गुरुजी, ज्यांना प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात आले तेव्हाही इतकी शून्यं दिसली नव्हती, ते आपल्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "सातबारा नाही, कर्ज नाही, आणि लखपती झालो." पण संध्याकाळी फो या तिकडच्या सुपाची वाटी साठ हजाराला आणि पाण्याची बाटली दहा हजाराला मिळाली, तेव्हा गुरुजींची श्रीमंती ओसरली. एकाच वेळी इतकं श्रीमंत आणि इतकं भिकारी वाटण्याची सोय दुसऱ्या कुठल्या चलनात फारशी नसावी.

एवढी शून्यं आली कुठून, असं काकांना विचारायला नको होतं, पण कुणीतरी विचारलं. युद्ध संपलं, देश एक झाला, पण तिजोरी रिकामी. १९८५ साली सरकारने जुन्या दहा डोंगांचा एक नवा डोंग केला, म्हणजे एक शून्य कापलं. दुसऱ्याच वर्षी महागाईचा दर ७०० टक्क्यांच्या वर गेला आणि कापलेलं शून्य आपल्या भावंडांना घेऊन परत आलं. मग सुधारणा झाल्या, देश सावरला, कारखाने आले. शून्यं तेवढी राहिली. आता सगळ्यात मोठी नोट पाच लाखांची. आपल्या हिशोबाने साधारण सोळा-सतराशे रुपये. नाणी २००३ मध्ये काढली होती, ती लोकांना आवडली नाहीत. २०११ पासून नवीन निघतच नाहीत. त्यामुळे खिसा वाजत नाही, फक्त फुगतो.

दहा हजार आणि त्यावरच्या नोटा प्लास्टिकच्या आहेत. भिजत नाहीत, फाटत नाहीत आणि कोऱ्या असल्या की एकमेकींना चिकटतात. त्यामुळे मोजताना बोटाला थुंकी लावण्याची आपली परंपरागत पद्धत तिथे कुचकामी ठरते. प्रत्येक नोटेवर हो ची मिन्ह. दाढी तीच, नजर तीच, फक्त शून्यं वेगळी. त्यात वीस हजाराची नोटही निळी आणि पाच लाखांची नोटही निळसर. वीस हजाराच्या मागे होइ आनचा जपानी पूल आहे आणि पाच लाखांच्या मागे हो ची मिन्ह यांचं गावचं घर, हे पुस्तकात वाचायला ठीक. उन्हात, घामात, चष्मा कपाळावर असताना पुढे दाढी आणि निळा रंग एवढंच दिसतं. एक पासष्ट रुपयांची, दुसरी तिच्या पंचवीसपट.

आमच्यातल्या एका डोंबिवलीकर काकांनी शहाळ्याला ही पाच लाखांची नोट दिली. त्याआधी त्यांनी त्या बाईशी पाच हजार डोंगांसाठी, म्हणजे सोळा रुपयांसाठी, बराच वेळ खुणांनी वाद घातला होता आणि जिंकलाही होता. नोट देऊन ते विजयी मुद्रेने निघाले. ती मागून ओरडत आली. काकांना वाटलं, सौद्यावरून फिरली. त्यांनी पावलं झपाझप उचलली. तिने टोपली खाली ठेवून त्यांना गाठलं, शर्टाची बाही धरली, निळी नोट त्यांच्या खिशात कोंबली, त्यांच्याच मुठीतून दुसरी निळी ओढून घेतली आणि बोटाने शून्यं मोजून दाखवली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग त्यांच्या पाठीवर एक थाप मारून गेली. काका त्या दिवशी नंतर कुणाशीही भाव करताना दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत सुरू झाले.

आता आकडेमोडीचा मुद्दा. हजार डोंगाचे होतात तीन रुपये तीसेक पैसे. तरुण मंडळी मोबाइलवर ॲप उघडायची. ते इंटरनेट मिळेपर्यंत फिरत राहायचं. बँकेतल्या काकांनी उपाय काढला. "तीन शून्यं पुसा आणि औटकी लावा."

चाळिशीच्या आतल्यांना हे काय ते कळेना. मग काकांनी बसच्या माइकवरून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी सगळी वंशावळ सांगितली. औट म्हणजे साडेतीन. बे औटे सात. पन्नास हजाराची वस्तू? पन्नास औटे पावणेदोनशे. संपलं. बसमध्ये चार-पाच ज्येष्ठ नागरिक असे निघाले ज्यांनी लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेली औटकी साठ वर्षं जवळ बाळगली होती आणि आयुष्यात कधीच कामाला आली नव्हती. ती व्हिएतनाममध्ये कामाला आली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

"पण काका," पुण्याचा आयटीतला मुलगा म्हणाला, "साडेतीनने जास्त येतं. खरा तीन पूर्णांक तीन."

"येऊ दे. खर्च करताना जास्तच दिसलेला बरा."

पण दिसत नाही ना! औटकी सगळ्यांना पाठ झाली तरी ती ज्याच्या त्याच्या सोयीने लागायची. हॉटेलात कॉफी महाग आहे का हे ठरवताना काटेकोर औटकी. बस थांबली की पाच हजार डोंगांचं स्वच्छतागृह, तिथे तर औटकीवर चक्रवाढ. "सतरा रुपये? कशासाठी?" असं म्हणून आमच्यातले दोघं पुढच्या थांब्यापर्यंत कळ काढून बसले. खरेदीला मात्र तीन शून्यं पुसल्यावर माणसं तिथेच थांबायची. 'दोनशे ऐंशी' दिसलं की ते रुपयेच वाटायचे. त्यात तिकडचे विक्रेतेही हजार बोलायचं सोडून देतात. ऐंशी हजाराला नुसतं 'ऐंशी' म्हणतात. रिझर्व्ह बँकेला एका दिवसाला एक दर सांभाळता सांभाळता घाम फुटतो, आमच्या बायाबापड्या चार-चार सांभाळत होत्या. पोटाला एक, पोटाखालच्या कामाला एक, स्वतःच्या खरेदीला एक आणि नणंदेला न्यायच्या वस्तूला एक. नणंदेच्या वस्तूला सगळ्यात कडक.

डोंग सुआन हा हनोईचा जुना मोठा बाजार. तिथे वहिनींनी एक भरतकामाची पर्स धरली. पर्सवालीला मराठी येत नव्हतं, वहिनींना तिची भाषा येत नव्हती. दोघींच्या मध्ये एक मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर होता. त्याची बटणं इतकी झिजली होती की शून्याचं शून्य पुसून गेलं होतं. बाईने टाइप केलं, ४,५०,०००. वहिनींनी आकडा बघितला, कॅल्क्युलेटर पुसला आणि टाइप केलं १,००,०००. बाईने छातीवर हात ठेवला, आपल्याला मुलं आहेत असं काहीसं सांगितलं, ४,००,००० केलं. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, मलाही आहेत," आणि १,१०,००० केलं. बाई हसली. वहिनी हसल्या. बाईने पर्सचं अस्तर उलटं करून दाखवलं, वहिनींनी त्यातला सुटलेला दोरा उपटून दाखवला. मग वहिनी निघाल्या. अशा वेळी किती पावलांवर जाऊन रेंगाळायचं याचं शास्त्र लक्ष्मी रोडवर शिकलेलं जगात कुठेही चालतं. सहाव्या पावलाला हाक आली. गाडं दोन लाख आणि एक ऐंशी यांच्यात अडलं. वीस हजार, म्हणजे पासष्ट रुपये. त्यावर अर्धा तास गेला. बसचा हॉर्न वाजला, टूर मॅनेजर येऊन कपाळाला हात लावून गेला. शेवटी एक ऐंशीला सुटलं. दोघी इतक्या खूश झाल्या, की त्यांनी एकत्र फोटो काढला.

त्या पासष्ट रुपयांच्या आनंदात वहिनींनी सगळ्यांना अंड्याची कॉफी पाजली. हनोईची ती प्रसिद्ध कॉफी; अंड्याचा पिवळा बलक आणि आटवलेलं दूध घोटून वर घातलेलं असतं. चतुर्थी असल्याने तिघांनी नारळाची घेतली. बिल तीन लाखांच्या वर गेलं. पर्सपेक्षा कॉफी महाग पडली, हे कुणी बोललं नाही.

आणि काजू. जगात सगळ्यात जास्त काजूगर निर्यात करणारा देश व्हिएतनाम. वेंगुर्ल्याचं एक कुटुंब आमच्यात होतं, घरची काजूची बाग असलेलं. त्यांनी हो ची मिन्ह शहरात सालासकट भाजलेले तीन किलो काजू घेतले. आपल्याकडचेच काय कमी आहेत, असं विचारल्यावर ते थोडे वरमले. "अहो, गावाला वाटायला. घरचे वाटले तर कोण विचारतो?"

कार्डाचं प्रकरण हा लाँग उपसागराच्या वाटेवर घडलं. तिथे बसेस मोत्यांच्या दुकानात थांबतात, का थांबतात ते सर्वांना माहीत असतं. गुरुजींनी पत्नीसाठी ३० लाख डोंगांची माळ घेतली. कार्ड यंत्रात घातल्यावर पडद्यावर प्रश्न आला: डोंगात भरणार की रुपयांत? परक्या मुलखात रुपयाची खूण दिसली आणि गुरुजींना भरून आलं. "बघा, आपल्या रुपयाला काय मान आहे!" ते बोट ठेवणार, तेवढ्यात पुण्याचा मुलगा धावला. "आजोबा, नको! डोंग दाबा!"

मग त्याने समजावलं. रुपये निवडले की दर ठरवणार ते यंत्रवाले, तो त्यांच्या मर्जीचा. मायबोलीत बोलतात म्हणून जास्तीचं कापतात. डोंग निवडले की दर कार्ड कंपनीचा, तो बराच सरळ. वर आपली बँक आपलं घेते. पडद्यावर रुपयांचा आकडा होता साडेदहा हजारांच्या पुढे. औटकीचा हिशोबही तितकाच आला, म्हणून गुरुजींना तो बरोबर वाटला होता. खरा होत होता दहा हजार.

"आणि आपली बँक किती घेते?" गुरुजींनी विचारलं.

"बहुतेक कार्डांना साडेतीन टक्के. वर जीएसटी."

सगळे काकांकडे वळले. काका खिडकीतून बाहेर बघायला लागले. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन शहाणे, आणि आता हे. ज्यांनी शहाणपणाने आधीच डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड आणलं होतं ते गालात हसत होते; त्यांनाही मुलाने सांगितलं, की कार्डात डोंग नाहीत, डॉलर आहेत, तेव्हा डोंगात खर्च केला की डॉलरचे डोंग करायचेही पैसे कापले जातात. अनेक कार्डांवर तेही साडेतीनच्या घरात. हे शुल्क न घेणारी कार्डंही हल्ली निघाली आहेत, पण ती आमच्यात फक्त त्या मुलाकडे होती. हे त्याने ठाण्यातच का सांगितलं नाही, यावर पुढचे चाळीस किलोमीटर बसमध्ये चर्चा झाली.

खरं म्हणजे सगळ्यांना बोटाची सवय लागली आहे ती यूपीआयची. आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढता येतं हे २०२४ पासून प्रत्येकाला माहीत आहे, पॅरिसला न गेलेल्यांना जास्त. श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, सिंगापूर, सगळीकडे काही ना काही सोय झाली आहे. हनोईतल्या कलिंगडवालीच्या सायकललासुद्धा क्यूआर कोड लटकवलेला. आमच्यातल्या प्रत्येकाने निदान एकदा सवयीने मोबाइल काढून तो स्कॅन केला. पडद्यावर काहीतरी लाल आलं. तो कोड तिकडच्या बँकखात्यांसाठी होता. कलिंगडवाली दर वेळी मान हलवायची आणि बोटांनी नोटा चोळल्याची खूण करायची. म्हणजे पुन्हा भिंतीकडे तोंड, पुन्हा बटणं.

रात्री हॉटेलच्या लॉबीत हिशोब. बारा जणांनी मिळून नाव ठरवलेली, चौघांना बोट लागलेली म्हणून चौघं उतरलेले, भाडं कुणी दिलं, सुट्टे कुणाकडे राहिले. काकांची वही, उभ्या रेघा, लाल शाई. एकदा चार हजार डोंगांचा फरक लागेना. तेरा-चौदा रुपये. सगळे म्हणाले, सोडा काका. काका म्हणाले, "बँकेत आम्ही दोन पैशांसाठी रात्री अकरापर्यंत बसलोय." आणि बसले. सापडला म्हणे पहाटे. मंदिराच्या दारातल्या उदबत्तीचे होते.

परतीच्या दिवशी हनोईच्या नोइ बाय विमानतळावर नवीच पंचाईत. उरलेले डोंग मुंबईत कुणी विचारत नाही. प्रत्येकाकडे कुठे दोन लाख, कुठे साडेतीन. फ्रिजवर लावायची चुंबकं घेऊन झाली, वाळवलेले आंबे घेऊन झाले; रत्नागिरीकडच्यांनीही घेतले. बँकेच्या खिडकीतल्या बोर्डावर बघावं तर तेच दोन रकाने, आपण पुन्हा चुकीच्या बाजूला.

तेव्हा काका उठले. मोकळ्या खुर्चीवर बसले, मांडीवर वही ठेवली. पुढच्या महिन्यात मुलगा-सून याच सहलीला येणार आहेत, त्यांच्यासाठी मी डोंग घेतो, म्हणाले. रुपये घरी गेल्यावर यूपीआय करतो. दर विचारला, तर हजाराला अडीच रुपये.

"अडीच?" वहिनी म्हणाल्या. "आणि आठवडाभर आम्हाला औटकी शिकवलीत ती?"

"ती खर्चाला. ही खरेदीची अडीचकी."

"कमिशन?"

"शून्य."

वहिनींनी आपले साडेतीन लाख पुन्हा पाऊचमध्ये भरले, उठल्या आणि चालायला लागल्या. काका वहीवरून नजर न उचलता पावलं मोजत होते. सहाव्या पावलाला म्हणाले, "बरं, पावणेतीन."